मिलान ते राजारामपुरी : एका ग्राइंडरच्या किमतीचं प्रकरण

माझी भाची पूर्वा २०२४ च्या फेब्रुवारीत एक कोटेशन घेऊन घरी आली. कोल्हापूरच्या राजारामपुरीत तिचं छोटं कॉफीचं दुकान आहे, आठ टेबलांचं. जुना ग्राइंडर कॉफी कधी रव्यासारखी तर कधी मैद्यासारखी दळायला लागला होता, म्हणून ती नवा इटालियन ग्राइंडर बघत होती. पुण्याच्या डीलरनं किंमत दिली होती ९८,५०० रुपये, जीएसटीसह.

"मामा, मी नेटवर बघितलो की! मिलानच्या दुकानात हाच ६१० युरोला हाय. म्हणजे ५४,९०० रुपये. वरचे ४३ हजार कुणाच्या घशात गेले?"

उद्यमनगर आणि शिरोलीतल्या कारखान्यांचे आयात-निर्यातीचे कागद करण्यात माझी तीस वर्षं गेली. हा प्रश्न मला फाउंड्रीवाल्यांनी विचारलाय, सीएनसीवाल्यांनी विचारलाय, अमेरिकेतल्या मुलाकडून परत आलेल्या शेजाऱ्यांनी तर दर दिवाळीला विचारलाय. बहुतेकांना उत्तर आधीच माहीत असतं : "सरकार कर लावतं." पूर्वाचंही तेच म्हणणं होतं, फक्त तिनं त्यात डीलरला धरलं होतं. या वेळी मात्र पहिल्या युरोपासून शेवटच्या रुपयापर्यंतचे कागद माझ्यासमोर आले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. ब्रँडचं आणि डीलरचं नाव देत नाही. दोघांनीही वावगं काही केलेलं नाही.

आधी ६१० चा हिशोब

मिलानच्या दुकानातली किंमत तिथल्या व्हॅटसकट लिहिलेली असते आणि इटलीत व्हॅट २२ टक्के आहे. ६१० ला १.२२ नं भागलं की ५०० युरो. म्हणजे वस्तूची दुकानातली किंमत ५०० युरो, वरचे ११० इटलीच्या सरकारचे. माल युरोपबाहेर निर्यात झाला तर हे ११० लागत नाहीत, विक्रेता तेवढे कागद करायला तयार असला पाहिजे इतकंच.

हे ऐकून पूर्वा खूश झाली. म्हणजे आपल्याला अजून स्वस्त! पण तिच्या लक्षात न आलेली दुसरी बाजू अशी की मिलानमधला कॉफीवाला व्हॅटला नोंदलेला असतो आणि त्याला हे ११० वळते मिळतात. त्याला ग्राइंडर पडतो ५०० युरोला, म्हणजे ४५,००० रुपयांना. पूर्वा रेस्टॉरंटच्या ५ टक्के जीएसटीत बसते आणि त्या दरात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता, मिळत नाही. डीलरच्या ९८,५०० मधले १५,०२५ रुपये जीएसटीचे आहेत, ते तिच्या खर्चातच जातात. हाच ग्राइंडर उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यानं त्याच्या धंद्यासाठी घेतला असता तर त्याच्या वहीत ८३,४७५ पडले असते. तेव्हा एकाच वस्तूची 'किंमत' विचारताना कोण घेतोय हे आधी विचारायला लागतं. खरा फरक पूर्वाला वाटत होता त्यापेक्षा मोठा होता : ४५,००० विरुद्ध ९८,५००. दुपटीच्या वर.

स्वतः मागवायचं ठरलं

पूर्वाचा हट्ट होता की आपणच मागवू. सुरुवातीला तीन आडवाटा सुचवल्या गेल्या, तिन्ही मी बंद केल्या.

पहिली : मैत्रीण एप्रिलमध्ये मिलानहून येणार होती, बॅगेत घालून आणेल. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांत परदेशातून येणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता यायचं, वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. ५४,९०० ला दोन हजारसुद्धा शुल्क बसलं नसतं. गावातल्या निम्म्या घरांत 'बाहेरची' वस्तू स्वस्तात आलेली असते ती याच वाटेनं, आणि मग दुकानदार लुटारू ठरतो. पण ती सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या सामानाला आहे, धंद्याच्या यंत्राला नाही. दुसरी वाट : कुरिअरनं मागवायचं, पण 'वैयक्तिक वापर' म्हणून. त्यासाठी शुल्कपत्रकात ९८०४ हे वेगळं शीर्ष आहे. तेही तेच खोटं. तिसरी वाट विक्रेत्यानं स्वतःहून सुचवली : बिल २०० युरोचं करून देतो. यावर मी जरा चढ्या आवाजात बोललो. कस्टम्स कायद्याच्या १११(एम) कलमाखाली खोट्या किमतीचा माल जप्त होतो आणि नेटवर किंमत उघडी असलेली वस्तू निम्म्याहून कमी दाखवणं म्हणजे अधिकाऱ्याला चहाला बोलावणं आहे.

मग सरळ मार्ग. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, काढला (५०० रुपये फी, नंबर म्हणजे पॅनच), आणि मार्चमध्ये ऑर्डर गेली.

ग्राइंडर ५०० युरो. बारा किलोच्या खोक्याचं हवाई कुरिअर ८० युरो. विमा ६. एकूण ५८६. शुल्क वस्तूच्या किमतीवर लागतं असं लोकांना वाटतं, पण ते लागतं भाडं आणि विमा धरून आलेल्या किमतीवर, आणि तीही बँकेच्या दरानं नव्हे तर कस्टम्सनं जाहीर केलेल्या दरानं. बँकेचा दर ९० होता, कस्टम्सचा ९१. मूल्य झालं ५३,३२६ रुपये.

विजेच्या मोटरवर चालणारी अशी घरगुती उपकरणं ८५०९ या शीर्षात येतात. मूळ सीमाशुल्क २० टक्के : १०,६६५. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार : १,०६७. या सगळ्याची बेरीज करून त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी : ११,७१०. एकूण २३,४४२, म्हणजे मूल्याच्या ४३.९६ टक्के. २०, अधिक २, अधिक १८ म्हणजे ४० व्हायला पाहिजेत असं पूर्वा म्हणाली. वरचे ३.९६ हे करावरच्या कराचे. मला हे चार टक्के त्या वीसपेक्षा जास्त टोचतात, पण ते असो.

(इथं एक गंमत. हॉटेलसाठीचं मोठं, जड यंत्र ८४ व्या प्रकरणात जातं आणि तिथल्या बऱ्याच यंत्रांवर मूळ शुल्क त्या वर्षी ७.५ टक्के होतं. वस्तू 'घरगुती' ठरली की महाग, 'यंत्र' ठरली की स्वस्त. पूर्वाचा ग्राइंडर आकारानं आणि बनावटीनं घरगुतीच होता, दुकानात ठेवला म्हणून त्याची जात बदलत नाही.)

क्रेडिट कार्डाचं परकीय चलनाचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी मिळून २,१८० रुपये. कुरिअर कंपनीची क्लिअरिंग फी १,४५०. सगळी बेरीज ७९,८१२. डीलरपेक्षा १८,६८८ रुपये कमी. पूर्वानं त्या दिवशी सगळ्यांना फुकट कॉफी पाजली. इटलीतली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळं मोटरीचा प्रश्न नव्हता. फक्त पिन बदलून घेतली. अमेरिकेहून आणला असता तर ट्रान्सफॉर्मर डोक्यावर घेऊन नाचावं लागलं असतं.

ऑक्टोबर

सातव्या महिन्यात ग्राइंडर बंद पडला. मोटर ठीक, आतलं कंट्रोल बोर्ड गेलं होतं. उद्यमनगरात मोटर वाइंडिंगपासून गिअर कापण्यापर्यंत सगळं होतं, पण त्या बोर्डावरची चिप कुणाकडे असणार? युरोपातली दोन वर्षांची कायदेशीर हमी घरगुती ग्राहकाला असते, धंद्यासाठी घेणाऱ्याला नाही. विक्रेत्यानं दुरुस्त करून द्यायचं म्हटलं तरी ग्राइंडर मिलानला पाठवायचा : जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं, आणि गेलेली वस्तूच परत आलीय हे दाखवणारे कागद, नाहीतर परत शुल्क. पुण्याच्या डीलरला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो सिरियल नंबर आमच्याकडचा नाही." यात त्याची चूक नव्हती. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं प्रिंटरच्या एका वादात असा समांतर, म्हणजे कंपनीच्या डीलरला वगळून, आयात केलेला अस्सल माल विकायला परवानगी दिली, पण त्याला कंपनीची हमी नाही हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगण्याच्या अटीवर. हमी वस्तूबरोबर येत नाही, विकणाऱ्याबरोबर येते.

शेवटी नुसता बोर्ड मागवला. किंमत ६२ युरो, कुरिअर ४० युरो. शुल्क, कार्डाचं कमिशन, पुन्हा तीच १,४५० च्या आसपास क्लिअरिंग फी. हातात पडेपर्यंत तेरा हजार पाचशे रुपये झाले. म्हणजे ५,५८० रुपयांचा सुटा भाग जवळजवळ अडीच पटीला. ग्राइंडर मात्र याच वाटेनं पावणेदोन पटीच्या आसपास आला होता. शुल्काच्या दरात एवढा फरक नव्हता. फरक होता तो न बदलणाऱ्या खर्चाचा. खोकं छोटं असो की मोठं, कागद तेवढेच, फी तेवढीच, विमानाचं किमान भाडं तेवढंच. मोठ्या खोक्यात ते विरघळून जातं, छोट्यात गोळा होऊन बसतं.

बोर्ड यायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस पूर्वा आणि तिचा पोरगा-मदतनीस हातानं फिरवायच्या ग्राइंडरवर कॉफी दळत होते. वाचलेल्या १८,६८८ मधले ५,१८८ उरले. एकोणीस दिवसांत परत गेलेली गिऱ्हाइकं आणि दंडाचं दुखणं मी हिशोबात धरलेलं नाही.

डीलरच्या वहीत

खरा धडा त्यानंतर मिळाला. त्या डीलरचा एक भागीदार माझ्या जुन्या ओळखीचा निघाला. गोकुळ शिरगावात एका लग्नात भेटला, आणि पंगत उठल्यावर त्यानं पानाच्या कागदावर हिशोबच मांडला.

मुंबईचा आयातदार कारखान्याकडून ग्राइंडर घेतो ३४० युरोला, कारण तो एकदम साठ नग उचलतो. समुद्रानं न्हावाशेवाला येतो, भाडं-विमा नगाला १२ युरो. ३५२ युरोचे ९१ नं ३२,०३२ रुपये. शुल्क आणि अधिभार मिळून २२ टक्के, ७,०४७. आयजीएसटी त्याला वळता मिळतो, म्हणून तो खर्च नाही, फक्त माल विकेपर्यंत पैसे अडकतात. बंदर, क्लिअरिंग एजंट, गोडाऊन, आणि प्रत्येक खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, महिना आणि एमआरपीचं स्टिकर, जे आपल्या वजनमाप नियमांनी सक्तीचं आहे : नगाला १,९००. साठ नग संपायला दहा महिने लागतात, त्या पैशाचं व्याज २,४००. हमीत बदलून द्यायचे बोर्ड, मोटरी, दळायच्या चकत्या आणून ठेवलेल्या असतात, त्याचे १,७००. आयातदाराला ग्राइंडर पडला साधारण ४५,०८० ला.

पुढं तो ३५ टक्के चढवून डीलरला देतो, ६०,८६० ला. डीलर त्यावर ३७ टक्के चढवतो. वर १८ टक्के जीएसटी. झाले ९८,५००. खोक्यावरच्या स्टिकरवर एमआरपी एक लाख पंधरा हजार असते, म्हणजे 'सोळा हजार सूट' देता येते!

आता या साखळीत शुल्काचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. बंदरावर सरकारनं घेतले ७,०४७. पण आयातदार ३५ टक्के लावतो ते शुल्क धरून आलेल्या किमतीवर, डीलर ३७ टक्के लावतो तेही त्यावरच, आणि शेवटी जीएसटी सगळ्यावर. ७,०४७ ला १.३५ नं गुणा, १.३७ नं गुणा, १.१८ नं गुणा. राजारामपुरीत पोचेपर्यंत त्याचे १५,३८० होतात. सरकारनं घेतलेला एक रुपया गिऱ्हाइकाला दोन रुपये अठरा पैशांना पडतो.

पण याच हिशोबाची उलटी बाजूही आहे, आणि 'सगळा कराचा खेळ' म्हणणाऱ्यांसाठी ती महत्त्वाची. उद्या मूळ शुल्क शून्य झालं, आणि आयातदार-डीलर दोघांनीही प्रामाणिकपणे सगळा फायदा खाली सोडला, तरी ग्राइंडर ८३,००० च्या खाली येत नाही. मिलानच्या व्हॅटसकट किमतीच्या दीडपटच. उरलेला सगळा फरक आहे तो साठ नगांना दहा महिने लागण्याचा.

मी त्याला विचारलं, "३७ टक्के जरा जास्त नाही वाटत?"

"वर्षाला नऊ विकतो मी हे मॉडेल," तो म्हणाला. "नऊ गुणिले बावीस हजार. त्यात एक डेमोला उघडून ठेवलेला, एक टेक्निशियन, कोल्हापूर-सांगली-बेळगावचा त्याचा प्रवास. रुपया घसरला तरी मी छापलेली किंमत वर्षभर बदलत नाही. सांग आता."

इटलीतला दुकानदार ३४० चे ५०० करतो, म्हणजे ४७ टक्के. त्याचा टक्का या दोघांपेक्षाही मोठा आहे. पण तो एकच टप्पा आहे, कारखाना त्याच्यापासून दोन तासांवर, आणि खपाचं तर विचारू नका. आपल्याकडे टक्के लहान, पण दोन, आणि एकाच्या डोक्यावर दुसरा.

अजून एक गोष्ट त्यानं हसत हसत सांगितली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात खरी. लाखाचा कॉफी ग्राइंडर घेणारा माणूस नव्वद हजारांना मिळाला म्हणून दोन घेत नाही, आणि लाख झाला म्हणून एकही घेत नाही असंही नाही. चहाच्या पातेल्याच्या गिऱ्हाइकाला पाच रुपयांचा फरक पडतो, याला पाच हजारांचा पडत नाही. मग किंमत उतरवून खप वाढवायची गरज कुणाला? आयात मालाची किंमत त्या देशातल्या सरासरी माणसाच्या खिशाकडे बघून ठरत नाही, जो माणूस ती वस्तू घेणारच आहे त्याच्याकडे बघून ठरते. म्हणूनच आपल्यासारख्या स्वस्ताईच्या देशात, जिथं केस कापायला इटलीच्या दहावा हिस्साही लागत नाही, तिथं हीच वस्तू तिथल्यापेक्षा महाग असते.

पूर्वाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे लुटतातच की." मला लगेच चप्पल लाइनमधला माझा एक जुना निर्यातदार आठवला. जगभरच्या शुल्कपत्रकात ६४०३.२० असं एक उपशीर्ष आहे : चामड्याचा तळ, आणि वर पायाच्या पंज्यावरून आणि अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. कोल्हापुरी चपलेशिवाय दुसऱ्या कशाचं वर्णन असेल हे? तर हा माणूस कापशी चपलांचा जोड अकराशेला पाठवायचा आणि तिकडच्या दुकानातला सत्तर युरोचा फोटो बघून घरभर शिव्या घालत फिरायचा. इटलीच्या प्राडानं २०२५ मध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली ते प्रकरण वेगळं, तो नावाचा खेळ. याचं साधंच दुकान होतं. त्याच्या अकराशेवर तिकडं चढत होतं ते सगळं मी पूर्वाला ओळखीच्या क्रमानं वाचून दाखवलं : भाडं, शुल्क, तिथला व्हॅट, आयातदाराचा टक्का, दुकानाचा टक्का, न खपलेल्या मापांचा तोटा. ती गप्प बसली, पण पटलं असं म्हणाली नाही.

दुसरा ग्राइंडर

२०२५ च्या पावसाळ्यात तिनं ताराबाई पार्कात दुसरं दुकान काढलं. मला वाटलं होतं पुन्हा कुरिअरनं मागवेल, आता वाट माहीत झाली होती. ती पुण्याला गेली. किंमत फारशी ओढली नाही, ९१,५०० वर थांबली. त्याऐवजी हमी एकाची दोन वर्षं करून घेतली, दळायच्या चकत्यांचा एक जोड फुकट घेतला, आणि जुन्या, मिलानहून आलेल्या ग्राइंडरलाही पैसे घेऊन का होईना सर्व्हिस द्यायची हे कबूल करून घेतलं. डीलर म्हणाला, सिरियल नंबर आमचा नाही. ती म्हणाली, गिऱ्हाईक तर तुमचंच आहे की.

बिलाच्या खाली तिनं डीलरच्या पोराकडून पेननं एक ओळ लिहून घेतलीय आणि त्यावर शिक्का मारून आणलाय : दुरुस्तीला लागतील तितके दिवस बदली मशीन, विनामूल्य.